हलका कॉम्बो घेऊन थळ ते हरिहरेश्वर

समुद्राकाठी जाणारी माणसं टोप्या, चपला आणि पोटाच्या गोळ्या भरतात. आमच्याकडे निघायच्या आधी आठवडाभर एकच विषय चालला होता, तो म्हणजे अँप कुठला न्यायचा.

मी पुण्यातल्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते आणि सुट्टीच्या दिवशी बास गिटार वाजवते. आमचा चौघांचा संच आहे. ड्रमवर माझा नवरा अविनाश, कीबोर्डवर वसईचा जोसेफ, आणि गायला पल्लवी. ती गाता गाता साधी गिटारही वाजवते. लग्नं, वाढदिवस, एखादं हॉटेल, असे आमचे कार्यक्रम असतात आणि गाणी बहुतेक जुनी.

बास गिटार नुसती छेडली तर शेजारी बसलेल्यालाही नीट ऐकू येत नाही. तिला अँप, म्हणजे आवाज मोठा करणारा अँप्लिफायर, लागतो. अँप आणि स्पीकर एकाच पेटीत बसवलेले असले की त्या पेटीला कॉम्बो म्हणतात. खालच्या सुरांना पुष्कळ हवा ढकलावी लागते, म्हणून बासचा कॉम्बो मोठा आणि जड असतो. माझा जुना कॉम्बो पंधरा इंची स्पीकरचा होता आणि पितळी भांड्यांनी भरलेल्या ट्रंकेसारखा जड. इतकी वर्षं तो जिन्यावरून उतरवणं, गाडीत चढवणं आणि स्टेजवर नेणं हे सगळं अविनाश करत आला. मी मागून वायरी घेऊन चालायचे.

गेल्या पावसाळ्यात अविनाशला हृदयविकाराचा झटका आला. दोन स्टेंट घातले. पुढे काही महिन्यांनी डॉक्टरांनी ड्रम वाजवायला परवानगी दिली, जड काही उचलायचं नाही आणि दमेपर्यंत वाजवायचं नाही या अटीवर. पल्लवीच्या ओळखीतून रायगडच्या किनाऱ्यावरची तीन आमंत्रणं आली होती: थळला हळद, श्रीवर्धनला लग्नाचा सुवर्णमहोत्सव, आणि हरिहरेश्वरला एका हॉटेलच्या हिरवळीवर संध्याकाळचा कार्यक्रम. मी नाही म्हणायचं ठरवेपर्यंत अविनाश हो म्हणून मोकळा झाला होता.

मग मी दुकानात जाऊन हलका कॉम्बो घेतला. दहा इंची स्पीकर, एका हातात धरून चालता येईल असा. दुकानदाराने तो भिंतीच्या कोपऱ्यात ठेवून वाजवायला दिला आणि आवाज भरदार वाटला. कोपऱ्यात कुठलाही बास भरदारच वाटतो. तुम्ही कधी घ्यायला गेलात तर पेटी कोपऱ्यातून काढून दुकानाच्या मधोमध ठेवायला सांगा आणि मग ऐका. मी हे वर्गात शिकवते, तरी त्या दिवशी सांगितलं नाही. मला तो हवाच होता.

अविनाशने घरी तो वाजवून पाहिला आणि म्हणाला, हा माझ्या किकखाली दबेल. किक म्हणजे पायाने वाजवायचा मोठा ड्रम. मी म्हटलं, मग तू जरा हळू वाजव. तो हसला. मी हसले नाही. जडपणा हे निम्मंच कारण होतं. अँप लहान असला की ड्रमवाल्याला आपसूक हात आवरावा लागतो, हे उरलेलं निम्मं कारण मी त्याला सांगितलं नव्हतं.

थळ

जोसेफची मोठी गाडी होती. खोपोली, पेण, वडखळ करत अलिबाग गाठलं आणि तिथून उत्तरेला थळ. गावाआधी खताच्या कारखान्याच्या चिमण्या दिसतात, त्या मागे पडल्या की सुकत घातलेल्या मासळीचा वास येतो आणि समोर समुद्रात खांदेरी-उंदेरी. रस्ताभर मी मागच्या सीटवरून अविनाशच्या मानेकडे बघत होते. घाम आलाय का, रंग उतरलाय का. त्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि खिडकी खाली केली, म्हणजे घाम यायला नको.

कार्यक्रम नवरदेवाच्या घरी, दुपारचा. त्याची आई हिराबाई सगळ्या घरावर आणि अर्ध्या आळीवर देखरेख करत होती. गेल्या गेल्या तिने आम्हाला जेवायला बसवलं: तांदळाची भाकरी, जवळ्याची चटणी, बोंबलाचं कालवण. आमच्याकडे हळद म्हणजे सकाळी चार बायका येतात, नवऱ्यामुलाच्या गालाला बोट लावतात आणि पोहे खाऊन जातात. इथे हळद हाच सण. मांडवात आळीतल्या सगळ्या बायका एका रंगाच्या साड्या नेसून आल्या होत्या आणि जेवणाच्या पंगती एकीकडे चालूच होत्या.

मी कॉम्बो स्वतः उचलून मांडवात नेला. वायर लावली, तारांवर हात ठेवला आणि बोटांना मुंग्या आल्या. पेटीतून घोंगावल्यासारखा आवाज येत होता, तारांना हात लावला की कमी व्हायचा, सोडला की वाढायचा. मांडवाच्या लाइनला अर्थिंग नव्हतं. अशा ठिकाणी गिटार हातात असताना माइकला ओठ लागले तर चांगलाच झटका बसतो. पल्लवीला मी माइकपासून लांब उभं केलं आणि शेजारच्या नव्या बांधलेल्या घरातून तीन पिनांची वायर ओढून घ्यायला सांगितली. हे होईपर्यंत वेळ गेला, बायका खोळंबल्या, आणि अविनाश काठ्या मांडीवर आपटत बसला. माझ्या डोक्यात भलतंच चाललं होतं. झटका, हृदय, स्टेंट. स्टेंट धातूचा असतो. याचा त्याच्याशी काही संबंध नाही हे मला माहीत होतं, पण तेवढ्यापुरतं माझं भौतिकशास्त्र कुठे गेलं होतं कोण जाणे.

वाजवायला लागलो आणि मांडवातल्या बायका उठल्या. त्यांना नाचायला ठेका हवा होता. साउंडवाल्याने आणलेले स्पीकर गाण्याच्या आवाजापुरतेच होते, त्यांत बास घातला की शब्द घोगरे व्हायचे. म्हणून माझा सगळा भार त्या लहान पेटीवर. उघड्यावर भिंती नसतात, खालचे सूर निघून जातात ते परत येत नाहीत. पेटीवरचा लाल दिवा, म्हणजे आता पुरे असं सांगणारा, लुकलुकायला लागला. मी खालचे सूर कमी करून मधले वाढवले. गर्दीत ऐकू येण्याचा तोच उपाय असतो. पण अविनाशचा पाय जोरात पडत होता आणि बायका नाचत नाचत त्याच्याकडे बघून हात करत होत्या. तो आजारपणानंतर पहिल्यांदा असा दिसत होता. मी त्याच्या छातीकडे बघत होते. एकदा ठेका चुकले, मग पुन्हा चुकले. जोसेफने मान वळवून पाहिलं.

मधल्या विश्रांतीत हिराबाई माझ्याजवळ येऊन बसली.

"तुजा नवरा तिकडं हासतंय, आनि तू अशी कशापायी बसलीस?"

मी तिला थोडक्यात सांगितलं. तिने ऐकून घेतलं, माझ्या हातावर हात ठेवला आणि स्वतःचं सांगायला लागली. तिचा नवरा होडी घेऊन जातो. पूर्वी गेला की परत येईपर्यंत काहीच कळायचं नाही. आता मोबाइल आहे, काठापासून बऱ्याच आतपर्यंत लागतो, आणि तिने सारखे फोन केले की तो बंद करून ठेवतो. म्हणजे मोबाइल आल्यापासून तिची काळजी वाढलीच आहे.

"मग आता काय करता?" मी विचारलं.

"आता बी करतंय फोन," ती म्हणाली. "ऱ्हावत न्हाय."

तिच्याकडे उपाय असेल असं मला वाटलं होतं. तो नव्हता, आणि तरीही मला जरा बरं वाटलं.

दिघीची फेरी

दुसऱ्या दिवशी दक्षिणेला निघालो. रेवदंड्याचा पूल, कोर्लई, काशीद, मुरूड. हा रस्ता समुद्राच्या इतक्या कडेने जातो की बोलणं आपोआप थांबतं. पोफळी आणि माड मधे येतात, बाजूला होतात, आणि पुन्हा पाणी. थंडी सरत आली होती, आंब्यांना मोहर होता. मुरूडला चहाला थांबलो तेव्हा जंजिरा पाण्यात बसल्यासारखा दिसत होता. जोसेफ फोटो काढायला गेला. मी हात धुवून परत आले तर गाडीचा मागचा दरवाजा उघडा आणि अविनाश ड्रमची लोखंडी स्टँडांची पिशवी खाली उतरवत होता. खालचं सामान सरकलंय, नीट लावतो, असं त्याचं म्हणणं. ती पिशवी माझ्या जुन्या कॉम्बोइतकीच जड आहे. मी तिचं दुसरं टोक धरलं आणि आम्ही दोघांनी ती परत आत ढकलली.

आगरदांड्याला गाडीसकट फेरीबोटीवर चढायचं असतं. पलीकडे दिघी. खाडीचं तोंड रुंद आहे, वारा लागतो. गाड्या एकमेकींना चिकटून उभ्या होत्या, माणसं कठड्याशी. पल्लवी आणि जोसेफ पुढे गेले. अविनाश माझ्या शेजारी उभा राहिला आणि पाण्याकडे बघत म्हणाला, "तू हा अँप मला हळू वाजवायला लावायचं म्हणून घेतलास."

मी म्हटलं, "हो."

खोटं बोलायची तयारी मी केली होती, पण तो असा सरळ बोलेल असं वाटलं नव्हतं. मग मी सगळं सांगून टाकलं: दुकान, कोपरा, आवाज कमी आहे हे मला माहीत असणं. दिघीचा धक्का जवळ येत होता.

"तू मला तोंडाने सांगितलं असतंस तर मी भांडलो असतो," तो म्हणाला, "पण ऐकलं असतं. तू सांगितलंच नाहीस. पेटीकडून सांगवलंस."

बोट लागली. मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या आणि आम्ही आत बसलो. दिवेआगर मागे पडलं तरी गाडीत कोणी गाणं लावलं नाही.

श्रीवर्धन

श्रीवर्धनची वाडी म्हणजे मला वाटलं होतं चार झाडं आणि एक घर. प्रत्यक्षात रस्त्यावर घराचा दर्शनी भाग तेवढा दिसतो. ओटी, माजघर, पडवी ओलांडून मागे गेलं की पोफळींचं रान सुरू होतं, सरळसोट आणि गार, पाटाचं पाणी वाहतंय आणि वरून उन्हाचे लहान लहान तुकडे पडतायत. अंगणात सोललेली सुपारी वाळत होती. घर मालतीताई वैद्यांचं. त्या आणि त्यांचे यजमान दोघंही निवृत्त शिक्षक, लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून मुलांनी हा बेत केला होता. जेवणात कडव्या वालांचं बिरडं, कच्च्या फणसाची भाजी, सोलकढी आणि मोदक. पुण्यात मोदक चतुर्थीला होतात. मालतीताई म्हणाल्या, आमच्याकडे नारळ झाडावर असतो, आम्ही गणपतीची वाट बघत नाही.

दुपार कलल्यावर वाडीत, सारवलेल्या जमिनीवर वाजवायचं होतं. श्रोते बहुतेक साठीच्या पुढचे, खुर्च्या जवळ जवळ. अशा जागेला माझा लहान कॉम्बो नेमका होता. मी तो स्टुलावर ठेवला. जमिनीवर ठेवला की बास घुमतो आणि गढूळ होतो, उचलून कानाकडे कलता केला की स्वतःला नीट ऐकू येतो. वायरीची गुणगुण नाही, लाल दिवा नाही. काळजी करण्यासारखं काही नव्हतं.

आणि अविनाशने काठ्या काढल्याच नाहीत. त्याने ब्रश काढले, तारांचे, आणि त्यांनी नुसतं पुसल्यासारखं वाजवायला लागला. किक तर जवळजवळ नव्हतीच. पहिल्या गाण्याला मला वाटलं, किती समजूतदारपणे वाजवतोय. दुसऱ्याला लक्षात आलं की तो आजारी माणसासारखा वाजवतोय. हात हलत होते, तो त्यांत नव्हता. पल्लवीला लय सापडेना, ती पुढे पळायची, जोसेफ मागे ओढायचा. माझे सूर स्वच्छ ऐकू येत होते आणि त्यांना टेकायला काही नव्हतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मालतीताईंनी ओटीही भरली. त्यांचे यजमान मात्र अविनाशजवळ जाऊन म्हणाले, बरं नाही का तुम्हाला? तो म्हणाला, बरं आहे. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

सामान आवरताना जोसेफ माझ्याजवळ आला. तो सहसा आमच्या दोघांच्यात पडत नाही. एवढंच म्हणाला, "माधवी, असं वाजवायचं असेल तर उद्या मी नाही वाजवत."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अविनाशला समुद्रावर फिरायला घेऊन गेले. श्रीवर्धनचा किनारा लांब आहे आणि सकाळी ओहोटीला वाळू घट्ट असते, चालायला सोपी. सुरूची झाडं, दोन-चार चालणारी माणसं, एक बैलगाडी. मी म्हटलं, अँपचं माझं चुकलं. तो म्हणाला, ब्रशचं माझं चुकलं.

मी त्याला विचारलं, वाजवताना तुला भीती वाटते का. हे मी त्याला आधी कधीच विचारलं नव्हतं. मला वाटायचं, भीती माझ्याकडे आहे, त्याच्याकडे हट्ट आहे.

तो थांबला. "काल सगळा वेळ मी छातीतलं ऐकत होतो," तो म्हणाला. "हळू वाजवलं की ते ऐकू येतं. थळला जोरात वाजवत होतो तेव्हा ऐकू येत नव्हतं."

मी त्याला हळू वाजवायला लावून नेमकं तेच ऐकायला लावलं होतं.

तिथेच उभं राहून आम्ही दोन खुणा ठरवल्या. वाजवता वाजवता त्याने उघडा पंजा वर केला तर तो नुसता दमलाय, थांबतोय, बाकीच्यांनी चालू ठेवायचं. हात छातीवर ठेवला तर मी सगळं टाकून जायचं. तो म्हणाला, पंजा केला तर तू यायचं नाहीस, कबूल? मी म्हटलं, कबूल. वाळूवर उभं राहून म्हणायला काय जातं.

आता प्रश्न उरला आवाजाचा. हॉटेलच्या हिरवळीवर समोरून समुद्राचा वारा येणार, आणि अविनाश काठ्यांनी वाजवणार. माझ्या कॉम्बोला मागे जादा स्पीकर जोडायची सोय आहे. लहान अँप घेताना ही सोय बघून घ्यावी. दुसरी पेटी जोडली की अँप आपली उरलेली ताकदही लावतो आणि हवा ढकलायला दुप्पट जागा मिळते. फक्त त्या पेटीचा ओहमचा आकडा जुळावा लागतो, भलता जोडला तर अँप तापून बंद पडतो. मालतीताईंच्या मुलाने आम्हाला बाजारात रशीदभाईंकडे पाठवलं. त्यांचा मांडव आणि साउंडचा धंदा आहे. उंच, पांढऱ्या दाढीचे, सावकाश बोलणारे.

त्यांच्याकडे गोदामात एक पंधरा इंची पेटी पडून होती. मागची पट्टी पुसून मी आकडा वाचला. आठ, म्हणजे जुळत होता. जोडायला मी गिटारची वायर काढली नाही, ती बारीक असते, एवढा भार तिला झेपत नाही. त्यांच्याकडून स्पीकरची जाड वायर मागून घेतली. दुकानातच लावून पाहिलं. खालची तार छेडली आणि फडताळातले कप वाजले. रशीदभाईंनी कपांवर हात ठेवला आणि म्हणाले, चलेल. त्यांचं त्या संध्याकाळी हरिहरेश्वरलाच दुसरं काम होतं, पेटी ते टेम्पोतून घेऊन येतो म्हणाले. अविनाशने ती उचलायला हात पुढे केला. मी तोंडाने सांगितलं, "अवि, नको." तो बाजूला झाला.

हरिहरेश्वर

देवळाच्या मागून प्रदक्षिणेची वाट खाली समुद्रात उतरते. खडकाच्या फटीतून उंच पायऱ्या, आणि खाली लाटांनी कोरलेले कातळ, जाळीसारखे, कुठे कुठे मधमाश्यांच्या पोळ्यासारखे. भरतीला ही वाट बंद असते. आम्ही पोहोचलो तेव्हा ओहोटी होती आणि अविनाशला उतरायचं होतं. मी म्हटलं, उतरशील, पण चढायचं आहे. तो म्हणाला, देवाच्या दारात तरी हिशेब करू नकोस. उतरलो. कातळ ओले होते, मी त्याचा दंड धरला, मग लक्षात आलं की घसरत मी होते आणि धरून तो होता. वर येताना तो दोनदा थांबला. मी विचारलं नाही, पण थांबलेलं पाहिलं. त्यानंतर त्याने नीट जेवणही केलं नाही. सोलकढी प्यायला आणि भूक नाही म्हणाला. मी तेव्हाच हट्ट धरायला हवा होता.

हिरवळीवर संध्याकाळी पर्यटकांच्या खुर्च्या मांडल्या होत्या. कॉम्बो मी एका क्रेटवर माझ्या कानाकडे कलता ठेवला आणि रशीदभाईंची पेटी जमिनीवर, अविनाशच्या स्टुलाला लागून, म्हणजे त्याला बास ऐकू येण्याआधी पायाखाली कळावा. पहिल्याच सुराला तो चमकून माझ्याकडे बघून हसला. मग काठ्या घेतल्या.

तसं आम्ही वर्षभरात वाजवलं नव्हतं. वारा समोरून येत होता, तरी सूर मागे पडत नव्हते. त्याची किक आणि माझी खालची तार एकाच वेळी पडत होती, दोन वेगळे आवाज आहेत हे कळू नये इतकी. पल्लवी निवांत गात होती, तिला पळायचं कारण नव्हतं. सूर्य पाण्याला टेकत आला होता. मी त्याच्याकडे बघत नव्हते. बघायची गरज पडत नव्हती, सगळं ऐकू येत होतं.

एका गाण्याच्या मध्यात किक आली नाही.

एक ठोका मोकळा गेला. पुढचाही गेला. मी वळले. अविनाशचा चेहरा पांढरा पडला होता आणि तोंड उघडं होतं. काठ्या त्याने मांडीवर ठेवल्या होत्या. त्याचा उजवा हात हळूहळू वर यायला लागला आणि मला कळेना तो कुठे जाऊन थांबणार. तो छातीजवळून गेला. वर गेला. उघडा पंजा.

माझा हात तारांवरून सुटला होता. त्याने पंजा तसाच धरला, माझ्याकडे रोखून पाहिलं आणि मान हलवली, येऊ नकोस. त्याचा शब्द खरा मानायचा की त्याचा चेहरा, हे मला ठरवता येत नव्हतं. त्याला दुखत असलं तर तो सांगेल का? थळपासून इथपर्यंत आम्ही एकमेकांना किती खरं सांगितलं होतं? मग सकाळची वाळू आठवली, आणि एवढंच कळलं की आज मी गेले तर तो पुन्हा कधीही खूण करणार नाही.

मी खालची तार वाजवली. एकटीच, जिथे त्याची किक पडायला हवी होती तिथे. जोसेफला कळलं, त्याने डाव्या हाताचे सूर सोडून दिले आणि मला जागा दिली. पल्लवीचा आवाज थोडा कापला, मग सावरला. ड्रमशिवाय सगळं गाणं बासवर आलं होतं, आणि एकट्या माझ्या लहान पेटीवर ते कोसळलं असतं. हॉटेलच्या एका माणसाने अविनाशला पाणी आणि साखर दिली. रशीदभाई कुठून तरी येऊन त्याच्या मागे खांद्याला आधार देऊन उभे राहिले. मी हे सगळं वाजवता वाजवता बघत होते आणि एकही ठोका चुकले नाही. कसं, ते मला आजही सांगता येणार नाही. गाणं संपेपर्यंत पंजा खाली आला होता आणि त्या हाताने तो गुडघ्यावर ठेका धरत होता.

गाणं संपल्यावर मी बास खाली ठेवली आणि पल्लवीला सांगितलं की इथेच थांबू. तिने लोकांना दोन वाक्यांत खरं कारण सांगितलं. कोणी कुरकुर केली नाही. अविनाशला छातीत दुखतंय का विचारलं, तो नाही म्हणाला, फक्त डोळ्यांपुढे अंधारल्यासारखं झालं. तरीही दवाखान्यात जायचं, असं मी म्हटलं. तो भांडेल या तयारीने म्हटलं होतं. तो उठून उभा राहिला आणि चपला शोधायला लागला.

रशीदभाई टेम्पो घेऊन पुढे निघाले, आम्ही त्यांच्या मागे. श्रीवर्धनच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी लगेच ईसीजी काढला, जुने कागद फोनवर पाहिले, रक्तदाब घेतला. बराच खाली होता. मग त्यांनी दिवसभरात काय काय केलं ते विचारलं. पायऱ्या, ऊन, न जेवणं, मग तासभर ड्रम. त्यांनी अविनाशकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं, कोणाला रागवावं हे ठरवत असल्यासारखं, आणि दोघांना रागावल्या. ईसीजीत नवं काही नव्हतं. रक्त तपासलं, सलाइन लावलं, बराच वेळ ठेवून घेतलं, आणि पुण्याला गेल्यावर आपल्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय काठी हातात घ्यायची नाही असं बजावलं.

सलाइन चालू असताना मी खाटेशेजारी बसले होते. बाहेर रशीदभाई आणि जोसेफ बोलत होते, रशीदभाईंच्या भावालाही असंच झालं होतं, त्याची हकीकत. अविनाशने डोळे मिटलेले होते. मला वाटलं झोपला.

"मी थांबलो आणि तू थांबली नाहीस," तो म्हणाला. "मला वाटलं होतं येशील."

"यायचं होतं," मी म्हटलं.

"कळलं मला. पहिले दोन सूर बेसूर होते."

परतीला म्हसळा, माणगाव करून ताम्हिणी घाटाने आलो. माणगावला त्याने न सांगता दोन इडल्या खाल्ल्या आणि माझ्याकडे बघून तिसरीही मागवली. घाट चढायला लागल्यावर त्याला माझ्या शेजारी झोप लागली, मान एका बाजूला, तोंड जरासं उघडं. वळणावर गाडी हलली तरी तो जागा झाला नाही. मी त्याच्या नाकाजवळ हात धरला. श्वास येत होता, गरम आणि संथ. हात काढून घेतला, खिडकीबाहेर पाहिलं, आणि मुळशीचं पाणी दिसेपर्यंत पुन्हा धरला नाही.